चेहरा स्पष्ट हवा

धुकेमामा हे नाव त्यांना गिऱ्हाइकांनी दिलं. "फोटोत वय लपवायचंय? मग धुकेमामांकडे जा," लोक म्हणायचे, "सुरकुत्या जातात, डाग जातात, एखाद्या वेळी नाकसुद्धा जातं." मामाही हसायचे, कारण समोरच्याला हसवणं हा त्यांच्या धंद्याचाच भाग होता.

तीस वर्षं त्यांना हा एकच नाद. लेन्सपुढच्या गोल काचेवर व्हॅसलीन फासायचं आणि मधली बोटभर जागा कोरडी ठेवायची, म्हणजे डोळे शाबूत राहतात आणि गाल मऊ होतात. बोट गोल फिरवलं की चेहऱ्याभोवती वलय येतं, उभं फिरवलं की दिव्याचा उजेड ओघळतो. एकदा कपड्यांच्या दुकानाच्या कॅटलॉगसाठी त्यांनी मामींचा काळा तलम पायमोजा लेन्सवर ताणला आणि सिगारेटने त्याला मधोमध भोक पाडलं. मामी आठवडाभर तो पायमोजा शोधत होत्या. घाई असली तर काचेवर नुसता श्वास सोडायचा, मनात सहा आकडे मोजायचे आणि बटण दाबायचं. आता हे सगळं कुणीही फोनवर करतं. त्याबद्दल चिडायचंही मामांच्यात त्राण उरलं नव्हतं.

काच धुवायचं काम मात्र पहिल्यापासून मामींचं. मामांनी धुतली की तिच्यावर ओरखडे राहायचे.

तीन महिन्यांपूर्वी एका सकाळी मामींच्या तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून चहा ओघळला. दुपारपर्यंत चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली. डॉक्टर म्हणाले, सुधारेल, पण रोजचे उपचार लवकर सुरू व्हायला हवेत. ते उपचार सरकारी दवाखान्यात होते, तिथे कार्ड लागत होतं आणि कार्डावर फोटो.

आता फोटो काय, घरचंच काम. मामांनी मामींना स्टुडिओत न नेता घरीच खिडकीशी बसवलं आणि काचेवर अगदी नखाएवढं व्हॅसलीन लावलं. बिचारीला स्वतःचं वाकडं तोंड कशाला दाखवायचं, एवढाच विचार. अर्ज परत आला. वर लाल शाईत लिहिलं होतं: चेहरा स्पष्ट हवा. दुसऱ्या वेळी मामांनी व्हॅसलीनला हात लावला नाही. नुसता श्वास सोडला.

"काका, हा फोटो बघून यांना शेजारीसुद्धा ओळखणार नाहीत," दवाखान्यातल्या खिडकीमागच्या कारकूनबाई म्हणाल्या. "शनिवारी यादी बंद होतेय. मग तीन महिने थांबावं लागेल."

घरी आल्यावर मामांनी चक्क थाप मारली. "त्यांचं मशीन बिघडलंय," ते म्हणाले आणि ताटावर बसले. मामींनी वाढलं. मामा खाली मान घालून जेवले. हल्ली ते असेच जेवायचे. थकवा तर होताच, पण बायकोच्या ओठांतून घास सांडताना आपण बघू नये, तिला संकोच वाटेल, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

शुक्रवारी दुपारी मामी स्टुडिओत आल्या. आजारी पडल्यापासून त्यांनी इकडे पाऊल टाकलं नव्हतं. कुणी सांगायची वाट न बघता त्या स्टुलावर बसल्या आणि पर्समधून रुमालात गुंडाळलेली काच काढली. सोबत लाल शाईचा अर्जही होता.

"तुमच्या शर्टाच्या खिशात सापडला," त्या म्हणाल्या. "काच धुऊन आणलीय. लावा."

"अगं, मी आपलं तुला वाईट वाटू नये म्हणून…"

"मी रोज आरशात बघते. मला काय वाईट वाटायचंय? मला वाटलं, तुम्हालाच बघवत नाही."

मामांनी काच हातात घेतली.

"जेवताना तुम्ही ताटातून मान वर काढत नाही," मामी म्हणाल्या. "तीन महिने झाले. मी मोजतेय."

मामांना स्वतःची इतकी लाज आधी कधी वाटली नव्हती. त्यांनी काच बसवली आणि कॅमेऱ्याला डोळा लावला. ओठ डावीकडे उतरले होते, ते त्यांना ठाऊक होतं. एक गोष्ट मात्र त्यांना ठाऊक नव्हती. मामींनी पापण्या मिटल्या तेव्हा डावी पापणी अर्ध्यावरच थांबली. तो डोळा लाल होता, कोरडा पडला होता. घरात कपाटावर औषधाची एक छोटी बाटली असते, ती त्यांनी रोज पाहिली होती. कशाची, ते कधी विचारलं नव्हतं.

त्यांनी बटण दाबलं. त्या फोटोवर शनिवारी मुकाट शिक्का बसला, पण ते नंतरचं.

"डोळा मिटत नाही तुझा?"

"नाही. थेंब घालावे लागतात, दिवसातून चारदा. दुपारचे राहिलेत."

"एकटी घालतेस?"

"निम्मे गालावर जातात."

मामांनी हात पुढे केला. मामींनी पर्समधून तीच छोटी बाटली काढून त्यांच्या हातात ठेवली आणि मान मागे टाकली. दिवे चालूच होते. थेंब नेमका डोळ्यात पडायचा तर अगदी जवळ जाऊन बघत राहावं लागतं, आणि मामा बघत राहिले.