नखावरचं गवत

रोज सकाळी कामाला बसण्याआधी आत्या टाक शाईत बुडवून डाव्या अंगठ्याच्या नखावर गवताचा एक झुबका काढायची. तीन उभ्या रेघा, खाली एक आडवी. नकाशात ही दलदलीची खूण. शाई फुटली नाही, तरच कागदाला हात.

तिने नकाशा कार्यालयात पस्तीस वर्षं काढली आणि त्यातली बरीचशी एकाच बाईवर जळण्यात. शेजारच्या टेबलावरची ती बाई डाव्या हाताने काढायची, म्हणून आत्याच्या तोंडी ती कायम ‘डावरी’. नदीच्या वळणावरच्या दलदलीचा पहिला नकाशा डावरीचा. तिचं गवत वाऱ्याने कललेलं दिसे. त्यातून बुजत आलेला जुना प्रवाह तिने तुटक निळ्या रेघेने असा नेला होता, की साहेब म्हणाले, बघूनच पाय ओले होतात. आत्या सांगायची, “माझं गवत बघून कुणाचा मोजासुद्धा भिजला नाही.”

पुढे डावरी लग्न करून दूर गेली. बारा वर्षांनी त्याच वळणाचा नवा नकाशा आत्याकडे आला. जुन्या नकाशातलं जे मोजणीदाराने जागा बघून आपल्या वहीत खोडलेलं नाही, ते नव्यात जसंच्या तसं उतरवायचं, असा तिथला नियम. प्रवाह खोडलेला नव्हता. पण ती रेघ काढायची म्हणजे डावरीचा हात गिरवायचा. आत्याने तिथे कोरडं कुरण दाखवलं. कुणाच्या लक्षात आलं नाही.

निवृत्तीला वर्ष उरलं असताना एक इंजिनिअर आला. त्याला नेमकी त्याच कुरणावर शाळा बांधायची होती. आत्याने नवा नकाशा दिला, सही घेतली, आणि तो दारापाशी पोचल्यावर त्याला परत बोलावलं. खालच्या खणातला डावरीचा नकाशा टेबलावर पसरला.

“हा धरा. नवा चुकलाय.”

“कुणी केलाय?”

“मी.”

तो बराच वेळ निळ्या रेघेवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, काय हात आहे हो या माणसाचा.

त्या दिवशी आत्या जेवली नाही. शाळेची जागा बदलली, ते चांगलंच झालं, म्हणाली. “पण मेलीचं कौतुक पुन्हा माझ्याच टेबलावर.”

शेवटी ती अंथरुणाला खिळली. एका दुपारी मी तिची नखं कापायला बसले. नऊ बोटं तिने निमूट पुढे केली, नखावर शाईचं गवत असलेला डावा अंगठा मुठीत ठेवला.

“हे राहू दे गं. आणि ती खिडकी लाव, वारं लागतंय.”