जखम न पाहता केलेला पंचनामा

तेहतीस वर्षांच्या नोकरीत पुष्कळ प्रकरणं हाताळली, बरीचशी विसरलोही. पण जिला गुन्हा नंबर पडला नाही, जी कुठल्या स्टेशन डायरीत सापडणार नाही, अशी एक केस डोक्यातून जात नाही. ती बहारीनमधली आहे.

निवृत्तीनंतर मी तिथे मुलाकडे, माहूज भागातल्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो. मुलगा-सून सकाळीच ऑफिसला, नातू शाळेत. संध्याकाळी मी मराठीत विचारायचं, त्यानं इंग्रजीत उत्तर द्यायचं आणि खोलीत निघून जायचं. एका हाकेला ठाण्यातले चार शिपाई धावायचे असा मी माणूस, दिवसभर लिफ्टचा आवाज ऐकत बसायचो. फार एकटा पडलो होतो.

विरंगुळा एकच. शेजारच्या उम्म अल हस्सम वस्तीत रत्नागिरीकडचे चार कोकणी मुसलमान एका खोलीत राहत. त्यातल्या टेलरकडे पँटची कंबर कमी करायला गेलो आणि गाववाले निघालो. शुक्रवारी नमाज झाली की ते मला जेवायला बोलवत. ‘साहेब’ म्हणत. खोटं कशाला बोलू, त्या एका शब्दासाठी मी आठवडाभर वाट बघायचो.

एका शुक्रवारी टेलरनं मला जिन्यातच गाठलं. “साहेब, आमचा फिटर कायतरी लपवतोय. बॅगेला कुलूप, बाथरूममध्ये अर्धा अर्धा तास. काल कचऱ्यात रक्ताचा कापूस मिळाला. कुठे मारामारी करून आला असेल तर? पोलीस आले की आम्हा सगळ्यांचे व्हिसा खलास!”

हा फिटर अस्करकडच्या अॅल्युमिनियम कारखान्यात कामाला होता. चाळिशीचा, अबोल माणूस, नुकताच सुट्टीवरून परतलेला. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला माझ्या कामाचं काही सांगत होतं. माझी पाठ आपोआप ताठ झाली. म्हटलं, “गप्प राहा. मी बघतो.”

जेवण जमिनीवर होतं. मध्ये एक मोठा थाळा आणि भोवती सगळे, ही त्यांची पद्धत. फिटर मात्र वाटी घेऊन खिडकीशी उभा. पायाला मुंग्या येतात म्हणाला. थोड्या वेळानं त्याला खोकला आला. खोकला यायच्या आधीच त्याचा उजवा हात जांघेपाशी गेला. माणूस तोंडानं खोटं बोलतो, पण दुखणाऱ्या जागेकडे हात गेल्याशिवाय राहत नाही. हे मी कोठडीत शेकडो वेळा पाहिलंय.

जेवणानंतर बाकीच्यांना चहाला पिटाळलं, दार लावलं आणि त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसलो.

“सुट्टीत गावी कशाला गेला होतास?”

“भाचीच्या लग्नाला.”

“लग्नाचे फोटो दाखव.”

तो घामाघूम झाला. मी काही बोललो नाही. चौकशीत गप्प बसणं हे दंडुक्यापेक्षा जास्त काम करतं. शेवटी तो रडायलाच लागला.

हर्नियाचं ऑपरेशन करून आला होता. आत जाळी बसवलेली. गावच्या डॉक्टरनं वजन उचलू नको, काही वाटलं तर लगेच दाखव, असं बजावलं होतं. हा तीन आठवड्यांत परत येऊन पाइप उचलायला लागला. “साहेब, कंपनीला कळलं तर मेडिकल करतील. बॉडी फिट नाय, तर काम मफी, सरळ घरी पाठवणार. वर्षभर तरी टिकलो तर मुलीचं नर्सिंग पुरं होईल. पण टाक्यातनं पाणी येतं, मधूनच ताप येतो. हे असंच असतं का?”

आणि मी हसलो. “अरे हात्तिच्या! एवढंच ना? माझ्याही पोटात जाळी आहे, आठ वर्षं झाली. सुरुवातीला असं व्हायचंच. घाबरतोस काय बायकांसारखा!”

त्याचा चेहरा असा उजळला की मलाच बरं वाटलं. बाहेर येऊन टेलरला ऐटीत सांगितलं, “गुन्हा-बिन्हा काही नाही. केस फाइल, प्रकरण बंद.”

त्याला कपडा सरकवून जखम दाखव, एवढंही मी म्हणालो नाही. घटनास्थळ न बघता पंचनामा लिहिणाऱ्या किती हवालदारांना मी आयुष्यभर झापलं! आणि साक्षीदार तरी कोण घेतला, तर स्वतःचं पोट.

दोन आठवड्यांनी दुपारी टेलरचा फोन आला. फिटर हुडहुडीनं थरथरत होता, शुद्धही धड नव्हती. आम्ही त्याला हॉस्पिटलात नेलं. सर्जन म्हणाले, जाळीलाच पू धरलाय, नुसत्या औषधानं भागणार नाही, जाळी काढावी लागेल. मी चाचरत विचारलं, “माझी तर कधी दुखली नाही?” ते म्हणाले, “बहुतेकांची नाहीच दुखत. पण पाणी, ताप, सूज असं काही दिसलं तर त्याच दिवशी यायचं असतं. दोन आठवडे थांबायला त्याला सांगितलं कोणी?”

मी मान खाली घातली. आरोपी मान खाली का घालतात ते तेव्हा समजलं.

तो वाचला. पण जाळी काढल्यामुळे हर्निया पुन्हा उतरणार होता, जड काम बंद, आणि शेवटी व्हिसाही गेला. मुलीच्या शिक्षणाचं काय, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. तो निघायच्या आदल्या दिवशी माफी मागायला गेलो. म्हटलं, “मी चुकलो रे. तुला त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायला हवं होतं.”

त्यानं माझा हात धरला. “असं नका बोलू साहेब. परदेशात दुखणं कुणाला सांगायचं? तुम्ही काय होत नाय म्हणालात ना, ते पंधरा दिवस मी निवांत झोपलो.”

त्यानं शिवी दिली असती तर मी ती घेतली असती. पण तो माझे आभार मानत होता.