इंजिनाखालची गादी

रिसालीच्या प्रेमानंद मेश्रामाला कोणी सल्ला दिला की त्याचं डोकं तापायचं, आणि सल्ला बरोबर असला तर जरा जास्तच. गडी स्टील प्लांटच्या मेंटेनन्समधून रिटायर झालेला. दारात जुना पिकअप, त्यात हौसेनं बसवलेलं दांडगं इंजिन. दर जयंतीच्या रॅलीत हाच पिकअप निळे झेंडे लावून सगळ्यांच्या पुढे असायचा, आणि शेजारच्या सीटवर पांढऱ्या साडीत रुक्मा, त्याची बायको. प्रेमानंदाचा सगळा रुबाब त्या सीटवर होता.

यंदा जयंती तोंडावर आली आणि गिअर टाकला की इंजिन धाडकन उसळायला लागलं. हेमराज मिस्त्रीनं बोनेट उघडून दाखवलं. इंजिन ज्यांच्यावर बसतं त्या माउंटांचं रबर फाटून लोंबत होतं.

"काका, नया रबरवाला डलवा लो. नरम रहेगा, पर आराम देगा."

"रबर?" प्रेमानंद उखडला. "प्लांटात आमच्या मशिनी काय रबरावर उभ्या होत्या? मशीन हलली म्हनजे फाउंडेशन कच्चं!"

झालं! हेमराजनं हात जोडले. प्रेमानंदानं ओळखीच्या लेथवाल्याकडून भरीव लोखंडाचे ठोकळे करून आणले आणि स्वतःच इंजिन फ्रेमला करकचून आवळलं.

चाबी फिरवली. इंजिन जागचं हललं नाही, खोटं कशाला बोला. बाकी मात्र सगळं थरथरायला लागलं. आरसा, दारं, छत, खुद्द प्रेमानंदाचे गाल. तशातच तो रुक्माला घेऊन चरोद्याला मेहुणीकडे निघाला. बिचारीचा चष्मा नाकावरून ओठावर आला. "थांबवा" म्हणायला गेली तर शब्दाचे तुकडे तुकडे झाले. उतरल्यावर कंबर धरून म्हणाली, "यंदा मी रॅलीत पायीच चालीन. तुमी अन तुमचं लोखंड या मांगून."

रिकामी सीट घेऊन पुढे जायचं म्हणजे अख्ख्या रिसालीत नाक कापलं जाणार! पण चूक कबूल करील तो प्रेमानंद कसला? त्यानं रुक्माच्या सीटवर एक गादी घातली. मग दुसरी. तिसरीवर तिचं डोकं छताला टेकलं, आणि छत तर थरथरतच होतं.

"अवो, थरथरून राहिलं इंजिन," रुक्मा ओरडली, "अन गादी मले कावून?"

प्रेमानंद गाडी घेऊन हेमराजकडे गेला. हेमराज हसला नाही, हे त्याचे उपकारच. त्यानं खाली लाकडी फळी लावून इंजिन जॅकवर उचललं, रबरी माउंट घातले, आणि इंजिन आपल्या वजनानं नीट बसल्यावरच बोल्ट आवळले.

जयंतीच्या सकाळी रुक्मानं चहाचा भरला पेला डॅशबोर्डवर ठेवला आणि गाडी सुरू करायला लावली. चहावर नुसती सुरकुती उठली. तेव्हा कुठं बाईसाहेब चढल्या.

"पाय वं, आता काईच हलत नाई," प्रेमानंद फुशारला.

"हलतेच ते. मधात कोनी सोसून राहिलं, म्हनून तुमाले समजत नाई."

प्रेमानंदानं गिअर टाकला, पण गाडी काही पुढे घेतली नाही. मागून ढोलवाले ओरडायला लागले. रस्त्याकडेच पाहत त्यानं हळूच विचारलं, "तुई कंबर लय दुखते काय वं?"

एवढ्या वर्षांच्या संसारात हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. रुक्मानं पदर सावरला.

"दुखते," ती म्हणाली. "चाला आता, मांगं लोकं ताटकळले."