कडेचे आकडे

पोलादपूरचे एक वयस्कर गृहस्थ एसटीने महाडला माझ्याकडे येतात, ते बिघडलेली फिल्म घेऊनच. मी फोटो स्टुडिओ बंद केल्याला बरीच वर्षं झाली, पण त्यांना त्याचं काही नाही. आत या म्हटलं तरी उंबऱ्यातच उभं राहायचं, पिशवीतून कपड्यांचा चिमटा तसाच लावलेली फिल्म काढायची आणि विचारायचं, "बघा भाऊ, आता काय चुकलं?" तेही असं, की जणू पेढेच आणलेत.

चुका तरी काय एकेक! न्हाणीघरात अंधार करून फिल्म धुतात. एकदा चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरच्या आधी ते पक्कं करणारा फिक्सर ओतला, तर सगळी फिल्म काचेसारखी कोरी. मे महिन्यात टाकीचं तापलेलं पाणी घेतलं, तेव्हा फिल्मवर सायीसारख्या सुरकुत्या.

परवाची फिल्मही कोरीच होती. पण कडेला कंपनीचे आकडे असतात, फिल्म नीट धुतली तरच दिसणारे, ते चांगले ठसठशीत काळे उमटले होते. म्हणजे धुण्यात काहीच चुकलं नव्हतं. फिल्मवर एकही फोटो काढलेला नव्हता.

"यात काय काढलं होतंत?" मी विचारलं.

ते चिमट्याशी चाळा करत राहिले. "काय काढनार? पोरं मुंबईला. घरात कोन हाय?" मग एकदम म्हणाले, "पन चुकलं काय, ते सांगा ना."

मी फिल्म पुन्हा उजेडात धरली. उगाच बराच वेळ बघितली.

"पाणी गरम झालं असेल," मी म्हणालो. "पुढच्या वेळी माठातलं घ्या. आणि दाखवायला उशीर नका करू."