मोराच्या मानेवरचा चिकटा

आमच्या सासूबाई दिवा बघत नसत, चाचपत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. संध्याकाळी देवघरातला लामणदिवा उतरवून त्यांच्या मांडीवर द्यायचा, त्याच्या पितळी मोराच्या मानेवरून त्या बोट फिरवणार, मगच वात लावायची. आनंदी, माझी धाकटी जाऊ, आगरदांड्याहून श्रीवर्धनला नांदायला आली, त्याच महिन्यात एकदा ते बोट मध्येच थांबलं.

"आज कुणी घासला गो?"

"मी," आनंदी म्हणाली.

"मोर परत आला म्हणायचा. मधे त्याचं बदक झालं होतं."

सगळे हसले. सासूबाईंची नजर गेल्यापासूनची ती मधली सगळी वर्षं दिवा मी घासत होते.

माझ्या घासण्यात कसूर नव्हती. घरातली कामं मी वारांवर लावून दिली होती आणि शुक्रवार पितळेचा. राख, काथ्या, चिंच आणि जोर. भांड्यांत तोंड दिसे. पण दिव्यात जळणारं उंडीचं तेल आणि समुद्राची हवा मिळून पितळेवर जो चिकटा धरतो, तो त्या चकाकीखाली तसाच राही. डोळ्यांना कळत नसे. आमच्या घरी निकाल बोटाकडे होता.

आनंदीचं सगळं उलटं. तेलकट दिव्याला ती आणखी तेल लावी, कोमट खोबरेल, आणि तो उन्हात ठेवून खुशाल सुपाऱ्या सोलत बसे.

"दिवा घासतेस की अभ्यंग घालतेस?" मी विचारी.

तिला राग येत नसे, हीच तर अडचण. "वैनी, जुनं तेल नव्या तेलाचंच ऐकतं. तुम्ही एकदम दटावता, मग ते बसतं रुसून."

दुपारी ती सुटलेला चिकटा फडक्यानं नुसता पुसून घेई. मग चाळलेली राख, मग रिठ्याचं पाणी, आणि चिंच अगदी शेवटी, बोटभर. जोर कुठेच नाही. कपाळावर घामसुद्धा नाही.

पुढे पुढे शेजारणी आपापल्या समया घेऊन आमच्या ओटीवर यायला लागल्या. मी विचारी, "बसा, पाणी देऊ?" त्यांना पाणी नको असे, आनंदी हवी असे. सणावारी ओटीवर इतकं पितळ जमे की मला पाटपाणी मांडायला जागा उरत नसे. सासूबाई मात्र खुशीत. "आनंदीच्या हाताला गुण आहे," म्हणत. माझ्या हाताला काय होतं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मग भावोजींना मुंबईत नोकरी लागली. निघायच्या आदल्या दिवशी आनंदी लामणदिवा घेऊन माझ्याकडे आली. "वैनी, एकदा माझ्यासमोर घासता? आईंना चुकल्याचुकल्यासारखं वाटायला नको."

"मला येतं."

"येतं हो. तुमचा हात माझ्याहून बळकट आहे."

यातही मला टोमणाच दिसला.

तिला पोचवायला सगळे बंदरावर गेलो. आगबोट सुटली, तरी सासूबाईंच्या डोळ्यांना पाणी आलं नाही. त्या शुक्रवारी मी माझ्या रीतीनं दिवा घासून त्यांच्या मांडीवर दिला. बोट मानेवर टेकलं, जरासं चिकटलं. "गेली हो पोर," त्या म्हणाल्या, आणि तेव्हा रडल्या.

पुढच्या शुक्रवारी मी परसात, कुणाची नजर नाही असं पाहून, खोबरेल कोमट केलं. पाहून पाहून सगळं पाठच झालं होतं. ऊन, फडकं, राख, रिठा, शेवटी चिंच. चिकटा सायीसारखा निघून आला. संध्याकाळी बोट मोराच्या मानेवरून सरळ शेपटीपर्यंत घसरत गेलं.

"आनंदी आली गो?"

"नाही. मीच घासला."

त्यांनी पुन्हा एकदा, डोक्यापासून शेपटीपर्यंत, बोट फिरवून खात्री केली. मग म्हणाल्या, "तिला पत्र घालशील तेव्हा कळव हो, मोर बरा आहे म्हणून."

कळवलं. घासला मी, हे आधी लिहिलं. मोर बरा आहे, हे मागाहून.