लावण्याच्या बारा पाकळ्या

लावण्याचे ब्लॉक मॅडमनी कचरापेटीत टाकले, तेव्हा मी खिडकीखाली टॅबलेट चार्जिंगला लावत होते. पोरीचा चेहरा मला समोरून दिसत होता. ती रडली नाही. टॅबलेट पालथा ठेवला, चपला घातल्या आणि वर्ग सुटायच्या आधीच निघून गेली.

विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, एका हॉलमध्ये हा वर्ग चालतो. शाळा सुटल्यावर पाचवी ते सातवीच्या मुली येतात. मी तिथं सेविका. हॉल उघडायचा, झाडायचा, टॅबलेट वाटायचे, परत गोळा करायचे. प्रोग्रामिंग शिकवायला रेणुका मॅडम येतात, नवी पेठेतून रिक्षानं. वयानं माझ्या मुलीएवढ्या आहेत. शिकवतात मनापासून.

प्रोग्रामिंग म्हणजे मशीनला काम सांगणं. इथं ते टाइप करावं लागत नाही. स्क्रीनवर रंगीत ठोकळे असतात, त्यांना ब्लॉक म्हणतात. प्रत्येकावर मराठीत एकेक काम लिहिलेलं असतं. पुढे जा, वळ, थांब. बोटानं ओढून ते एकाखाली एक जोडायचे. हिरवं बटण दाबलं की मशीन वरून खाली एकेक काम करत जातं. माझी शाळा चौथीपर्यंतची, पण एवढं वाचता येतं. मागं बसून बघून बघून थोडं कळायलाही लागलं होतं.

त्या दिवशी बारा पाकळ्यांचं फूल काढायचं होतं. एका पाकळीला चार ब्लॉक लागतात. मग रिपीट नावाचा ब्लॉक घ्यायचा, त्याच्या पोटात ते चार ठेवायचे आणि बारा आकडा घालायचा. मशीन तेच काम बारा वेळा करतं. लावण्यानं रिपीट घेतलाच नाही. प्रत्येक पाकळीचे चार ब्लॉक वेगळे लावले. अठ्ठेचाळीस झाले. सगळा तास त्यात गेला. फूल मात्र बरोबर आलं होतं.

मॅडम म्हणाल्या, "अगं, एवढे कशाला? हे नकोतच." वरचे चार ठेवून बाकीचे त्यांनी ओढून स्क्रीनवरच्या कचरापेटीत टाकले आणि रिपीट बसवून दाखवला. फूल क्षणात आलं. बाकीच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या.

दोन दिवस लावण्या आली नाही. शनिवारी आयांसमोर मुलींची कामं दाखवायची होती, सहा मुलींची यादी भिंतीला लावलेली होती. मॅडमनी पेन काढलं.

"मावशी, तिला रिपीट कळलेलाच नाही. सगळ्यांसमोर घाबरेल. नाव काढते तिचं."

एरवी मी मॅडमना हो किंवा नाही एवढंच बोलते. त्या दिवशी म्हणाले, "उद्यापर्यंत राहू द्या की. एक टॅबलेट मी नेते. तिच्याकडं जाऊन येते."

मॅडमनी माझ्याकडं जरा बघितलं आणि टॅबलेट दिला.

मला जायचं कारण होतं. लग्न होऊन वळसंगहून आले तेव्हा मी शेजारणींकडून विड्या वळायला शिकले आणि पुढं पाठ दुखायला लागेपर्यंत तेच काम केलं. तयार विड्या कारखान्यात नेल्या की चेकर तपासतो. ज्या पसंत पडत नाहीत, त्या आपल्यासमोर मोडून बाजूला टाकतो. त्याला छाट म्हणतात. का टाकल्या ते सांगत नाही. आपण गप्प उभं राहायचं. लावण्या लहानपणापासून आईबरोबर त्या रांगेत उभी राहिलेली. नवी पेठेत वाढलेल्या मॅडमना हे कुठून ठाऊक असणार?

लावण्याची आई पद्माअक्का दारातच सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसली होती. शेजारी लावण्या पानं कापत होती. मी विचारलं तर अक्का हात न थांबवता म्हणाली, "तिचं समदं छाट निघालं म्हणते. न्हाय जमत तर ऱ्हाऊ दे. हितं हात चांगला चालतो तिचा."

हात खरंच चांगला चालत होता. मला तेच बघवेना.

मी लावण्याला विचारलं, रिपीट का घेतला नाहीस? तिनं हातातलं पान कापून संपवलं. मग म्हणाली, "एकच करायची आणि बारा केल्या म्हणून सांगायचं? चेकर मोजतो की."

म्हणजे रिपीट तिला पुरता कळला होता. तिला ती लबाडी वाटत होती.

मशीन बाराही पाकळ्या खरंच काढतं, हे मला समजावून सांगता येईना. मी टॅबलेट काढला आणि रिपीट लावून फूल काढलं. ते इतक्या झटक्यात आलं की पाकळ्या येताना मोजताच आल्या नाहीत. म्हणून 'एक सेकंद थांब' हा ब्लॉक घेतला आणि रिपीटच्या खाली जोडला. फूल पुन्हा तसंच झटक्यात आलं, मग मशीन उगाच एक सेकंद थांबलं.

लावण्या मान वळवून बघत होती. म्हणाली, "मावशी, थांब आत घाला की." आणि हात पुसून तिनंच तो आत सरकवला.

आता एक पाकळी आली. थांबली. दुसरी आली. लावण्या घरच्या तेलुगूत मोजायला लागली, ओकटी, रेंडू, मूडू. अक्काचे ओठही हलत होते, सवयीनं. शेवटची, बारावी पाकळी आली तेव्हा अक्काच आधी बोलली, "पन्नेंडू. बरोबर हाय."

"छाट न्हाय?" लावण्यानं विचारलं.

"ह्यात छाट काय निघंल? समद्या सारख्या हायत."

दुसऱ्या दिवशी पोरगी वर्गात होती. मॅडमना मी चेकरचं आणि रिपीटचं दोन वाक्यांत सांगितलं. त्या लावण्याशेजारी खाली बसल्या आणि प्रोग्राम बघितला.

"छान. आता हा थांब काढ, पटकन होईल."

"नको," लावण्या म्हणाली. "लोकांना मोजता आलं पाहिजे."

मॅडमचं बोट कचरापेटीपर्यंत गेलं होतं. तिथून मागं आलं.

शनिवारी बाकीच्या मुलींची फुलं आली आणि झाली. लावण्याचं फूल सावकाश उमलत गेलं आणि हॉलमधल्या सगळ्या बायका मोठ्यानं मोजत होत्या. पद्माअक्का सूप घरी ठेवून आली होती. मागं उभं राहून तिनंही मोजलं.

आता मॅडम कुणाचा ब्लॉक काढायच्या आधी विचारतात, हा का ठेवलास? आणि काढलाच तर कडेला ठेवतात. कडेला ठेवलेला ब्लॉक परत घ्यायला एक बोट पुरतं. मुलगी उठून गेली तर तिला आणायला तिच्या घरी जावं लागतं.