दाराबाहेर ठेवलेली पिशवी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांनाही नाही, चर्चच्या पाळकसाहेबांनाही नाही. प्रार्थनेत सांगायला जाते, तर तिथेही शब्द फिरवते — ‘कळत-नकळत झालेले अपराध’ असं म्हणून मोकळी होते. नकळत कसलं? सगळं चांगलं कळत होतं. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझ्या घरी कधी मुक्कामाला राहिला नाहीत.

मुक्कामाचं म्हणाल तर अंबरनाथच्या आमच्या मंडळीत माझ्या घराचं नाव मोठं. नाताळला गावाकडून, नगरकडून, कुणाकुणाचे पाहुणे येतात. उपासना सुटली की पाळकसाहेब चर्चच्या दारात उभे राहून विचारतात, कोण कुणाकडे उतरलंय, कुणाची सोय लागायचीय. ज्याची कुठेच सोय लागत नाही तो आमच्याकडे. दोन खोल्यांचं घर, पण मी कधी नाही म्हटलं नाही. गाद्या घालायच्या, अंघोळीला पाणी तापवायचं, करंज्यांचा डबा पुढे सरकवायचा. आणि खरं सांगू? पाहुणे आवडायचे त्यापेक्षा ‘बाईंचं मन मोठं’ हे ऐकायला मला जास्त आवडायचं. मी मेली पहिल्यापासून मिरवणारी. येशूजन्माच्या देखाव्याची गव्हाणीसुद्धा बाजारातली तयार नाही आणायची — स्वतः माती मळून गोठा करायचा, वर वाळलं गवत, आत बाळ, बाहेर मेंढरं. लोक बघायला यायचे. मी सरबत द्यायची आणि हळूच म्हणायची, हातानं केलीय हो.

मार्थाताई म्हणजे ह्यांची चुलत बहीण, वयानं थोरली. ह्यांची आई अंथरुणाला खिळली तेव्हा ह्यांना त्यांनीच न्हाऊमाखू घातलं. नवरा लवकर गेला. श्रीरामपूरकडच्या एका खेड्यात अंगणवाडीत मदतनीस होत्या आणि एकुलती एक मुलगी, रूथ, तिला वाढवत होत्या. दर नाताळला मायलेकी आमच्याकडे. येताना पिशवीभर भुईमुगाच्या शेंगा — मी नको म्हटलं तरी.

त्या वर्षी पिशवीबरोबर एक बॅगही होती. रूथची. पोरगी बारावी झाली होती, उल्हासनगरला नर्सिंगच्या कोर्सला तिचं नाव लागलं होतं. आमच्याकडे राहून शिकायचं ठरलं होतं. म्हणजे मीच ठरवलं होतं — चर्चमध्ये चारचौघींत सांगूनही झालं होतं, की भाचीला मी शिकवणार. नाताळ झाला की मार्थाताई एकट्याच परत जाणार होत्या. कपाटातला एक कप्पा मी रिकामा करून दिला, तर रूथनं त्यात आपले कपडे इतके हळू हात लावून ठेवले, जसं काही कप्पा मोडेल.

आता अंगठीचं सांगते. इतका वेळ मी पाहुणे आणि शेंगा करत बसलेय ते ह्यासाठीच — इथं यायला नको वाटतं.

लग्नात चर्चमध्ये ह्यांनी माझ्या बोटात घातली ती अंगठी. पीठ मळायचं असलं की ती काढून आतल्या खोलीत कपाटावरच्या वाटीत टाकायची, ही माझी वर्षानुवर्षांची सवय. नाताळच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बोटाकडे लक्ष गेलं, वाटी बघितली, तर रिकामी. वाटीत अंगठी टाकल्याचा आवाजसुद्धा मला आठवत होता. शपथेवर सांगितला असता. मायलेकी त्याच खोलीत झोपत होत्या.

मी कुणावर आळ घेतला नाही. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलेय — मी आळ घेतला नाही. मी फक्त खोलीच्या दारात उभी राहून म्हणाले, ‘या खोलीत तर बाहेरचं कुणी आलेलं नाही.’ बस्स. एवढंच. आळ घेणं आणखी काय असतं?

मार्थाताईंनी माझ्याकडे बघितलं. मग पिशवी ओढली आणि गादीवर उलटी केली. एकेक लुगडं उचलून झटकलं. पोलक्यांच्या बाह्या उलट्या केल्या. कंगवा, औषधाची बाटली, बायबल — त्याचीसुद्धा पानं धरून हलवली. मग रूथच्या कप्प्याकडे वळल्या. पोरगी भिंतीला टेकून उभी. तिचे आतले कपडेसुद्धा आईनं माझ्यासमोर एकेक करून झटकले. आणि मी? मला एकच शब्द बोलायचा होता — राहू द्या. जीभ टाळूला चिकटली म्हणू? नाही, खोटं कशाला बोलू. मी शेवटचा कपडा झटकून होईपर्यंत बघत उभी राहिले, कारण मला बघायचं होतं.

अंगठी कुठून निघणार?

ह्यांना तेव्हा फक्त हरवलीय इतकंच सांगितलं. ते म्हणाले, सापडेल गं, घरातच असेल. संध्याकाळच्या गाडीनं मार्थाताई निघाल्या आणि बरोबर रूथही निघाली. पोरीला गावाची सवय आहे, करमणार नाही, असं काहीतरी त्या ह्यांना म्हणाल्या. ह्यांना नवल वाटलं, राग आला. मी स्वयंपाकघरात भांडी लावत होते. पाहुण्यानं निघताना घरासाठी प्रार्थना करायची, ही आमच्याकडची रीत. मार्थाताईंनी ती चुकवली नाही. डोळे मिटले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, ‘बापा, या घरातली हरवलेली वस्तू या घराला परत मिळू दे.’ मी आमेन म्हटलं.

पुढच्या डिसेंबरात माळ्यावरून गव्हाणी काढली. कोरड्या मातीला तडा गेला होता, गोठ्याचा एक कोपरा हातातच आला. आत काहीतरी चमकलं. मला वाटलं जरीचा तुकडा. नखानं माती खरवडली — माझी अंगठी. आदल्या नाताळात गोठ्याचा हा कोपरा लिंपायला माती मळताना निसटली होती. पीठ नव्हे, माती. त्या दिवशी मी ती काढलीच नव्हती, वाटीतला आवाज झालाच नव्हता.

मी तशीच जमिनीवर बसून राहिले. कुणाला वाटेल, पोरीचे झटकलेले कपडे माझ्या डोळ्यांसमोर आले असतील. ते नंतर आले. पहिला विचार आला तो हा, की आता हे कळलं तर लोक काय म्हणतील. स्वतःच्या त्या विचारानंच मी हादरले. हे कोण बाई माझ्या आत बसलेलं होतं?

आमच्या चर्चमध्ये वर्षअखेरच्या उपासनेत साक्ष देतात. ज्याची प्रार्थना ऐकली गेली तो उभा राहून सांगतो. मार्थाताईंची प्रार्थना ऐकली गेली होती, शब्द न् शब्द. फक्त ते उत्तर माझ्यापाशी होतं आणि मी उभी राहिले नाही.

अंगठी सापडली तोवर ह्यांनी उल्हासनगरच्या सिंधी सोनाराकडून मला दुसरी करून आणली होती. ती बोटात, आणि ही हातात. मी ओली माती मळली, अंगठी त्या कोपऱ्यात परत दाबली आणि वर एक मेंढरू बसवलं. तेव्हापासून दर नाताळला ती गव्हाणी मी दिवाणखान्यात मांडते. लोक अजून येतात. हातानं केलीय, असं मी आता म्हणत नाही, पण ते म्हणतात.

रूथचं नर्सिंग राहिलं ते राहिलंच. गावात दोन वर्षं गेली, मग लग्न, मग ते मोडलं. आता ती इथंच अंबरनाथला एमआयडीसीत पॅकिंगला जाते, बदलापुरात मांजर्लीला भाड्याच्या खोलीत आईला घेऊन राहते. गाडीनं काय, लगेच येता येतं. नाताळला येतातही दोघी — सलाम करतात, चहा घेतात, गव्हाणी बघतात, निघतात. मुक्कामाला राहत नाहीत. घर जवळच आहे ना, असं मीच सगळ्यांना सांगते.

यंदाही आल्या. मार्थाताई आता काठी घेऊन चालतात. मी दार उघडलं, हात धरून आत घेतलं, खुर्ची दिली. रूथ मागून आली, तर तिचे हात मोकळे. सहज नजर बाहेर गेली. चपलांच्या शेजारी जमिनीवर दोन पिशव्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या. रूथची पर्ससुद्धा.

मी म्हटलं, अगं आत आण ना, जिन्यात माणसांची ये-जा आहे.

रूथ म्हणाली, ‘असू दे मामी. आईची सवय आहे. कुणाच्याही घरी पिशवी आत नेत नाही. मलाही नेऊ देत नाही.’ अगदी साधं म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर मी भांडले असते, मला ते जमतं.

कुणाच्याही घरी. म्हणजे इतकी वर्षं, प्रत्येक दारात. लग्नाच्या घरी, मयताच्या घरी, शेजारणीकडे. मी चहा ओतत होते. समोर मार्थाताई गव्हाणीकडे बघत बसल्या होत्या, मेंढरं सुरेख झालीत म्हणत होत्या. हे शेजारी बसून त्यांना गुडघ्याचं विचारत होते. दार उघडंच होतं, मला खुर्चीवरून पिशव्या दिसत होत्या. उठून त्या आत आणायला चार पावलं लागली असती. आणि त्या कोपऱ्यातली माती फोडायला त्याहून कमी.

मी आणखी चहा घ्या म्हटलं.

निघताना मार्थाताईंनी प्रार्थना केली. हरवलेल्या वस्तूचं आता त्या काही मागत नाहीत. ह्यांच्या तब्येतीसाठी मागितलं, माझ्यासाठी मागितलं. मग काठी टेकत बाहेर गेल्या, चपला घातल्या, वाकून एक पिशवी उचलली आणि मला बाहेर बोलावलं. पिशवीत शेंगा होत्या. गावाहून कुणाकरवी मागवल्या होत्या, आमच्यासाठी. मी पदर पसरला, त्यांनी पिशवी त्यात उलटी केली, तळ झटकून दाखवला.

उंबऱ्याच्या बाहेर उभी राहून मी त्या शेंगा घेतल्या.